पस्तीस टक्के आणि पन्नास चिंचोके : एका फ्लश ड्रॉचा हिशेब

२०२५ च्या दिवाळीत ताई भाऊबिजेला माहेरी आली, तेव्हा भाचाही सोबत आला. वय चोवीस, हिंजवडीत नोकरी. आमच्याकडे दिवाळीत पत्ते बसतातच. एरवी मेंढीकोट आणि तीन पत्ती चालते, या वेळी भाच्याने सगळ्यांना पोकर शिकवलं. पैसे लावायचे नाहीत हा नियम वडिलांच्या काळापासूनचा. म्हणून माळ्यावरून चिंचोक्यांचा डबा काढला आणि प्रत्येकाला दोनशे चिंचोके मोजून दिले.

रात्री अकराच्या सुमारास एक मोठा डाव झाला आणि भाच्याने तो जिंकला. शेवटचं पान उलटलं तेव्हा ताईने टाळी वाजवली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण चिंचोके ओढून घेताना भाचा म्हणाला, "पस्तीस टक्के होते मामा. कॉल बरोबरच होता."

मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. कॉल (समोरच्याने लावले तेवढेच भरून डावात राहणं) बरोबर नव्हता. आणि पान आल्यामुळे तो बरोबर होता असं त्याला वाटत होतं, याची मला जास्त काळजी वाटली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे खेळ मोबाइलवर बंद झाले. त्याआधीच्या दीड वर्षात त्याने जवळजवळ दोन महिन्यांचा पगार पोकरमध्ये घालवला होता. हे त्याने घरात फक्त मला सांगितलं होतं. आता तो आईलाही बोलला आहे, म्हणून त्याच्या परवानगीने इथे लिहितो. ते पैसे एका रात्रीत गेले नव्हते. अशाच डावांत, अशाच कॉलमध्ये, थोडेथोडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सतरंजीवर बसलो, पत्त्यांचा कॅट घेतला आणि तो एकच डाव पानापानाने पुन्हा मांडला.

डाव कसा झाला

ज्यांना फक्त तीन पत्ती येते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोकरच्या या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडी पडतात. आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. मग शेवटचं एक, ते रिव्हर. या सात पानांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, त्याचा डाव. दर टप्प्यावर बोली लागते. एकाच रंगाची पाच पानं म्हणजे फ्लश, आपल्या तीन पत्तीतला कलरच, फक्त इथे पाच लागतात. चार जमली आणि पाचव्याची वाट बघत पैसे भरत राहायचं, याला फ्लश ड्रॉचा पाठलाग म्हणतात.

आम्ही चौघं होतो. पानं बघण्याआधीच दोघांना सक्तीने बोली लावावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात. ताईने छोटा ब्लाइंड म्हणून दोन चिंचोके टाकले होते आणि माझ्या बायकोने मोठा ब्लाइंड म्हणून चार. भाचा तिला मामी म्हणतो, म्हणून इथे मीही तिला मामीच म्हणतो. मी पानं टाकली. भाच्याने बोली चौदावर नेली, ताईने टाकली, मामीने चौदा पूर्ण केले. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, तीस चिंचोके झाले. भाच्याकडे बदामचा एक्का आणि बदामची सत्ती होती.

फ्लॉप पडला: किलवरची नव्वी, बदामचा गुलाम, बदामची तिर्री. भाच्याची चार बदामं झाली, तीही एक्क्याची. पाचवं बदाम आलं की त्याच्याहून मोठा फ्लश कुणाचाच होऊ शकत नव्हता.

मामीने पंधरा लावले. भाच्याने पंधरा भरले. पॉट साठ.

टर्नला इस्पिकची दुर्री पडली. भाच्याच्या काहीच उपयोगाची नाही. मामीने थोडा विचार केला आणि एकदम पन्नास लावले. भाचा दहा सेकंद गप्प राहिला, मग पन्नास भरले.

रिव्हरला बदामची छक्की आली. मामीने चेक केलं, म्हणजे काहीच लावलं नाही. भाच्याने साठ लावले. मामीने मध्ये पडलेल्या तीन बदामांकडे पाहिलं, "बदाम आलंय ते मलाही दिसतं रे," म्हणाली आणि स्वतःची पानं उलटी न टाकता सगळ्यांना दाखवून टाकली: इस्पिकची नव्वी आणि चौकटची नव्वी. फ्लॉपपासून तिच्याकडे तीन नव्व्या होत्या. त्या टाकणं सोपं नसतं, पण तिने अचूक टाकल्या. ती रमीत मुरलेली आहे, समोरच्याने कोणतं पान उचललं हे तिच्या डोळ्यांतून सुटत नाही.

पस्तीस आले कुठून

सकाळी मी पहिला प्रश्न हाच विचारला. त्याचं उत्तर तयार होतं. फ्लॉपवर फ्लश ड्रॉ असेल तर फ्लश होण्याची शक्यता पस्तीस टक्के, हे त्याने व्हिडिओंमध्ये शंभर वेळा ऐकलं होतं. "आणि मामीने पन्नास लावले तेव्हा मला एकशे दहासाठी पन्नास भरायचे होते. म्हणजे सव्वाएकतीस टक्के लागतात. पस्तीस जास्त आहेत ना?"

हिशेबाचा दुसरा भाग त्याने पूर्ण बरोबर केला होता, हे मी त्याला लगेच सांगितलं. पॉटमध्ये साठ, मामीचे पन्नास, एकूण एकशे दहा. त्यात आपले पन्नास मिळवले की एकशे साठ. पन्नास भागिले एकशे साठ म्हणजे ३१.२५ टक्के. यापेक्षा जास्त वेळा डाव जिंकणार असशील तर भर, कमी वेळा जिंकणार असशील तर टाक. पोकरवाले यालाच पॉट ऑड्स म्हणतात. बहुतेक खेळणारे इथपर्यंत पोचतही नाहीत, तो पोचला होता.

चूक पहिल्या आकड्यात होती. पस्तीस टक्के हा दोन पानांचा आकडा आहे. फ्लॉपनंतर टर्न आणि रिव्हर अशी दोन पानं यायची असतात, त्या दोघांत मिळून एखादं बदाम पडण्याची ती शक्यता. टर्नला दुर्री पडली तेव्हा त्यातली एक संधी संपली होती. हातात एकच पान उरलं होतं आणि भाचा किंमत मात्र दोन पानांची धरून भरत होता.

हे मी त्याला बोर्डाच्या परीक्षेवरून समजावलं. मार्चची परीक्षा आहे आणि जुलैत पुरवणी आहे. एखादा मुलगा दोन्ही मिळून कधीतरी पास होईल याची जी शक्यता जानेवारीत असते, ती मार्चचा निकाल नापास लागल्यावर तशीच कशी राहील? आता फक्त जुलै उरला.

मग पानं मोजली. हे तोंडी समजावण्यापेक्षा हातांनी करावं, असं मला शिकवताना नेहमी वाटतं. बावन्न पानांतून भाच्याची दोन बाजूला काढली, मधली चार बाजूला काढली. उरली सेहेचाळीस. ती सगळी उघडी करून सतरंजीवर दोन ढिगांत लावायला सांगितली: बदामं इकडे, बाकीची तिकडे. इकडच्या ढिगात नऊ पानं आली. तिकडच्यात सदतीस.

दोन्ही ढिगांकडे तो बराच वेळ बघत बसला. सेहेचाळीसपैकी नऊ म्हणजे १९.६ टक्के, पाचात एकदाही पुरतं नाही. टर्नला तो जेव्हा पन्नास चिंचोके पुढे सरकवत होता तेव्हा त्याच्या मनात पस्तीस होते आणि सतरंजीवर ढीग हा होता.

पस्तीस कसे येतात तेही करून दाखवलं. फ्लॉपवर न दिसलेली पानं सत्तेचाळीस, त्यातली बदाम नसलेली अडतीस. टर्नला बदाम न येण्याची शक्यता ३८/४७. मग रिव्हरलाही न येण्याची ३७/४६. दोन्ही वेळा हुकण्याची शक्यता म्हणजे यांचा गुणाकार, सुमारे ६५ टक्के. शंभरातून वजा केले की पस्तीस. हा आकडा खोटा नाही. फ्लॉपवरच दोघांनी सगळे चिंचोके आत लोटले असते आणि पुढे एकही भरायचा नसता, तर दोन्ही पानं त्याच किमतीत बघायला मिळाली असती आणि तेव्हा पस्तीसच धरायचे होते. टीव्हीवर आणि व्हिडिओत हे आकडे दिसतात ते बहुतेक अशा डावांत दिसतात, कारण तेच डाव नाट्यमय असतात. म्हणून तो आकडा डोक्यात बसतो आणि चुकीच्या जागी वापरला जातो.

"पण मामीची दोन पानंही वाटलेली होती, मग चव्वेचाळीस का नाही?" त्याने विचारलं. हा प्रश्न माझ्या वर्गातही येतो. मामीच्या हातातली पानं आणि कॅटमधली पानं यांत त्या क्षणी भाच्याला काहीच फरक दिसत नव्हता. न दिसलेलं पान ते न दिसलेलं पान, मग ते कुणाच्या मुठीत असो की ताईने आणि मी टाकलेल्या पानांत. त्यातलं कोणतंही तितक्याच शक्यतेने बदाम होतं. म्हणून त्याच्या जागेवरून हिशेब सेहेचाळीसचाच. आपल्याला आता मामीची पानं माहीत आहेत, त्या जागेवरून दुसरा हिशेब होतो. तोही आम्ही केला, आणि तो आणखी वाईट निघाला.

सेहेचाळीस वेळा तोच डाव

शक्यतेचं वाक्य टक्क्यांत ऐकलं की ते हवेत राहतं, म्हणून मी ते चिंचोक्यांत उतरवलं. समजा हाच टर्न सेहेचाळीस वेळा आला आणि प्रत्येक वेळी सतरंजीवरचं एकेक पान रिव्हर म्हणून पडलं. नऊ वेळा बदाम येईल, दर वेळी एकशे दहा मिळतील: नऊशे नव्वद. सदतीस वेळा येणार नाही, दर वेळी पन्नास जातील: अठराशे पन्नास. आठशे साठ चिंचोके कमी झाले. दर कॉलमागे साधारण एकोणीस.

काल रात्री जे झालं ते या सेहेचाळीसांतल्या नवांपैकी एक होतं. ताईने टाळी वाजवली त्या वेळी बाकीचे सदतीस डाव कुणाला दिसत नव्हते. भाच्याला तर ते मोबाइलवरही दिसले नव्हते, कारण तिथे प्रत्येक हरलेल्या डावानंतर लगेच पुढचा डाव सुरू होतो. तो एक गोष्ट मात्र मोजायचा. सलग चार ड्रॉ हुकले की "आता येणारच" असं म्हणून पाचव्यात जास्त भरायचा. दर डावाला कॅट नव्याने पिसला जातो, मागच्या डावात काय झालं हे पानांना माहीत नसतं. हे त्याला कळत होतं. मागचे पैसे परत यायला हवेत असं वाटायला लागलं की कळलेलं बाजूला पडतं, असं तो स्वतःच म्हणाला.

मग त्याने विचारलं की मामीने किती लावले असते तर कॉल बरोबर ठरला असता. साठच्या पॉटवर एकोणीसपर्यंत. एकोणीस लावले असते तर भाच्याला एकोणऐंशीसाठी एकोणीस भरायचे होते, म्हणजे १९.४ टक्के लागले असते, आणि त्याच्याकडे १९.६ होते. वीस लावले की तोटा सुरू. पन्नास कुठे आणि एकोणीस कुठे, हे अंतर बघून तो गप्प झाला.

एक्के धरले तर?

इथे भाच्याने एक चांगला मुद्दा काढला. तेव्हा त्याला मामीच्या नव्व्या माहीत नव्हत्या. तिच्याकडे गुलामांची जोडी असेल असं त्याला वाटलं होतं. तसं असतं तर एक्का आला तरी तो जिंकला असता, कारण एक्क्यांची जोडी गुलामांहून भारी. नऊ बदामं अधिक तीन एक्के, बारा पानं. डाव जिंकून देणाऱ्या अशा पानांना आउट्स म्हणतात. सेहेचाळीसात बारा म्हणजे २६ टक्के. हे सगळं त्याच्या बाजूने धरलं तरी ३१.२५ गाठत नाही.

आणि मामीकडे गुलामांची जोडी नव्हती. तिच्याकडे तीन नव्व्या होत्या, तिथे एक्क्याचा काहीच उपयोग नव्हता. उलट नऊ बदामांतलीही दोन विषारी होती. बदामची दुर्री आली असती तर मध्ये दोन दुर्र्या झाल्या असत्या आणि मामीचं फुल हाउस लागलं असतं, तीन नव्व्या आणि दोन दुर्र्या. ते फ्लशहून भारी. बदामची नव्वी आली असती तर मामीकडे चारही नव्व्या. म्हणजे भाच्याचा फ्लश लागला असता, एक्क्याचा लागला असता, आणि तो हरला असता. तेही थोड्यात नाही. एक्क्याचा फ्लश हातात असताना कोण टाकतं? उरलेले सगळे चिंचोके त्याने आत घातले असते.

पानं उघडी झाल्यावरचा हिशेब असा: न दिसलेली चव्वेचाळीस, खरी उपयोगाची बदामं सात. १५.९ टक्के. चव्वेचाळीस वेळा खेळलं तर सात गुणिले एकशे दहा म्हणजे सातशे सत्तर येतात, अठराशे पन्नास जातात. दर कॉलमागे साडेचोवीस चिंचोके.

समोरच्याची पानं आधी माहीत नसतात, त्यामुळे हा दुसरा हिशेब डावात बसून करता येत नाही हे खरं. पण अंदाज करता येतो. मामी फ्लॉपला लावते, टर्नला त्याहून तिप्पट लावते, आणि ती मुळात जपून खेळणारी आहे. अशा वेळी तिच्याकडे जोडीपेक्षा भारी काही असावं ही शंका यायला हवी होती. शंका आली की नवाऐवजी सात-आठ आउट्स धरायचे. मी आउट्स मोजताना नेहमी कंजूष राहतो.

पुढे मिळणाऱ्या चिंचोक्यांचं काय

पाठलागाच्या बाजूने सांगितली जाणारी सर्वांत जोरदार गोष्ट हीच असते, आणि तिच्यात तथ्य आहे. पान आलं तर रिव्हरला समोरचा आणखी भरेल, ते पॉटमध्ये आत्ताच धरायचे. इम्प्लाइड ऑड्स म्हणतात त्याला. त्यामुळे आज तोट्यातला दिसणारा कॉल उद्याच्या कमाईवर बरोबर ठरू शकतो.

भाच्याने ते धरले होते का? नव्हते, पण आम्ही आता धरून पाहिले. नऊ आउट्स मानले तर आठशे साठचा तोटा नऊ जिंकलेल्या डावांतून भरून काढायचा, म्हणजे दर वेळी मामीकडून रिव्हरला आणखी शहाण्णव चिंचोके यायला हवेत. मामीने डाव सुरू केला तेव्हा तिच्यापुढे दोनशे होते. चौदा, पंधरा आणि पन्नास गेले, एकशे एकवीस उरले होते. म्हणजे प्रत्येक वेळी, तिसरं बदाम पडलेलं दिसत असताना, तिने उरलेल्यातले चार पंचमांश भरायला हवे होते. आणि सात आउट्स धरले तर लागतात एकशे चोपन्न. तेवढे तिच्याकडे नव्हतेच. तिने डोळे मिटून सगळे भरले असते तरी कॉल तोट्यातच राहिला असता.

प्रत्यक्षात तिने एकही भरला नाही. फ्लशचा पाठलाग करणाऱ्याची ही जुनी अडचण आहे. तीन बदामं मध्ये उघडी पडलेली सगळ्यांना दिसतात. सीक्वेन्सचा, म्हणजे ओळीने पाच पानांचा, पाठलाग यापेक्षा लपून राहतो, कारण नव्वी-दश्शीच्या शेजारचं कोणतं पान कुणाला जोडून देतं हे इतक्या चटकन डोळ्यात भरत नाही. त्यामुळे इम्प्लाइड ऑड्स धरताना फ्लशला थोडे कमी धरावेत आणि दोन्ही टोकांनी उघड्या सीक्वेन्सला (ओळीने चार पानं जमली आहेत आणि कोणत्याही टोकाचं पान चालतं) थोडे जास्त. त्या सीक्वेन्सचे आउट्स आठ असतात, एका पानात १७.४ टक्के, फ्लॉपपासून दोन पानांत ३१.५. मधलं एकच पान हवं असेल तर आउट्स फक्त चार, एका पानात ८.७. या शेवटच्या प्रकाराचा पाठलाग मोठ्या बोलीवर करणारे मी पाहिले आहेत आणि मला त्यांची कीव येते.

तोंडी हिशेबासाठी एक सोपी पद्धत आहे, ती भाच्याला माहीत होती पण अर्धी. एक पान यायचं असेल तर आउट्स गुणिले दोन, दोन पानं यायची असतील आणि मध्ये आणखी भरायचं नसेल तर गुणिले चार. नऊ आउट्सना अठरा आणि छत्तीस, खऱ्या १९.६ आणि ३५ च्या पुरेसे जवळ. आउट्स पंधरापर्यंत गेले की चारचा गुणाकार फुगतो: साठ दाखवतो, असतात ५४. त्याने फक्त चारचं टोक लक्षात ठेवलं होतं.

फ्लॉपचा कॉल

हे मी मुद्दाम वेगळं लिहितो, कारण भाचा हिशेब ऐकून एवढा खचला की म्हणाला, "म्हणजे फ्लॉपलाच टाकायला हवं होतं." तसं अजिबात नाही.

फ्लॉपला तीसच्या पॉटवर मामीने पंधरा लावले होते. पंचेचाळीससाठी पंधरा, म्हणजे पंचवीस टक्के लागतात. पुढच्या एका पानात बदाम यायची शक्यता सत्तेचाळीसात नऊ, १९ टक्के. नुसतं एवढंच बघितलं तर इथेही कमी पडतं. पण कमतरता किती? सत्तेचाळीस वेळांत अडतीस गुणिले पंधरा म्हणजे पाचशे सत्तर जातात, नऊ गुणिले पंचेचाळीस म्हणजे चारशे पाच येतात. एकशे पासष्टची तूट, नऊ डावांत वाटली तर दर वेळी अठरा-एकोणीस चिंचोके. मामीपुढे तेव्हा एकशे एक्काहत्तर होते आणि दोन बोल्या बाकी होत्या. एक्क्याचा ड्रॉ होता, भाचा शेवटी बोलणारा होता, कदाचित टर्नला मामी चेक करून फुकट पान दाखवेल हीही आशा होती. अठरा-एकोणीस सहज निघाले असते. तो कॉल मीही केला असता.

आणि मामीच्या तीन नव्व्या उघड्या धरून फ्लॉपचा पूर्ण हिशेब केला, दोन्ही पानांच्या नऊशे नव्वद जोड्या मोजल्या, तर भाचा दोनशे त्रेपन्न जोड्यांत जिंकतो. २५.६ टक्के. त्याच्या पस्तीसांतले नऊ-दहा टक्के मामीच्या फुल हाउसने खाल्ले होते. या मोजणीला आम्हाला पाऊण तास लागला, त्यात ताईचा चहा दोनदा गार झाला. पण आठ आणि दहा एकदम आले तर त्याच्या सत्तीने सीक्वेन्स होते, हे भाच्यानेच शोधलं. मी ते विसरलो होतो.

ऋतुपर्ण आणि पास्कल

त्या पाऊण तासात मला नळाची गोष्ट आठवली. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. रथातून जाताना ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघतो आणि त्यावर किती पानं-फळं आहेत ते सांगतो. नळाला खरं वाटत नाही. तो रथ थांबवून मोजतो, आकडा जुळतो. मग तो राजाला अश्वविद्या द्यायचं कबूल करून त्याच्याकडून अक्षविद्या घेतो, फाशांचं रहस्य. ती विद्या मिळताच कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. झाडही बेहड्याचंच आहे, आणि जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळं वापरत. मोजणं आणि जुगारातून सुटणं या दोन गोष्टी आपल्या जुन्या कथेने एकाच झाडाखाली आणून ठेवल्या आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. भाच्याला मी ती गोष्ट पूर्ण सांगितली.

१६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून जो प्रश्न सोडवला, तो याच सतरंजीवरचा आहे. दोघांचा खेळ अर्ध्यावर थांबला, एकाला जिंकायला दोन गुण हवेत, दुसऱ्याला तीन, तर डावातले पैसे कसे वाटायचे? फर्माने पुढच्या चार फेऱ्यांच्या सोळाही शक्यता मांडल्या आणि अकरा भाग एकाला, पाच दुसऱ्याला दिले. मागे काय झालं ते बघायचं नाही, पुढे काय काय होऊ शकतं ते मोजायचं. टर्नला पन्नास भरताना भाच्याने हेच करायचं होतं: साठचा पॉट, त्यात आपण आधी घातलेले एकोणतीस, ते आता कुणाचेच नाहीत. "एवढे घातलेत तर आता कसं सोडू" हे तो दहा सेकंदांत मनात म्हणाला होता, हे त्याने मला फार उशिरा, जेवताना सांगितलं.

दुसरी संध्याकाळ

ताई आणखी एक दिवस राहिली. संध्याकाळी पुन्हा चिंचोके निघाले. नवाच्या सुमारास भाच्याकडे दोन्ही टोकांनी उघडी सीक्वेन्स होती, टर्न झाला होता, पॉट साठ. मामीने बारा लावले. त्याचे ओठ हलताना दिसले. बहात्तरसाठी बारा, १४.३ टक्के लागतात. आठ आउट्स, सेहेचाळीसात आठ, १७.४. त्याने बारा भरले. रिव्हरला इस्पिकची राणी पडली, उपयोगाची नाही. मामीने पुन्हा लावले, त्याने पानं टाकली आणि चिंचोके तिच्याकडे सरकवले.

मग तो उठला, माझ्या टेबलावरून वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. आउट्स. न दिसलेली पानं. भरायचे किती. पॉट किती. कॉल की फोल्ड, म्हणजे भरायचे की पानं टाकायची. पहिल्या ओळीत आदल्या रात्रीचा डाव लिहिला: ९, ४६, ५०, ११०, फोल्ड. दुसरीत आत्ताचा: ८, ४६, १२, ७२, कॉल.

मामीने वही हातात घेऊन वाचली. "जिंकला की हरला ते कुठे लिहिलंस?"

"तो रकाना नाही ठेवला, मामी."

तिने पेन्सिल मागितली आणि उजवीकडे स्वतःचा एक रकाना आखला. वर लिहिलं, "मी किती लावायला हवे होते." पहिल्या ओळीत पन्नास तसेच ठेवले. दुसऱ्या ओळीतल्या बाराखाली रेघ मारून माझ्याकडे बघत विचारलं, "आठ आउट्सना किती?"

"सोळाच्या वर काहीही," मी सांगितलं. तिने सतरा लिहिलं, क्षणभर थांबून ते खोडलं आणि चाळीस केलं.